नव्या पेठेतलं दुकान बंद झालं, आता रणगाडे-विमानं घ्यायची कुठून?

सेंच्युरियन_सोलापूर · रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. लांबण लागणारे हे आधीच सांगतो, चहा घेऊन बसा.

मी सोलापूरचा, वय ४६, धंदा टॉवेलचा. लूम आठ होते, आता पाच चालतात, पण तो विषय वेगळा. शाळेत असल्यापासून मिलिटरी खेळणी गोळा करतोय. सुरुवात गड्ड्याच्या यात्रेत झाली. होम मैदानावर प्लास्टिकच्या पिशवीत हिरवे सैनिक मिळायचे, पिशवीच्या तोंडाला रंगीत कागद स्टेपल केलेला, आत दहा-बारा जण, एक आडवा पडून नेम धरलेला, एक ग्रेनेड फेकणारा आणि पाठीवर वायरलेस घेतलेला एकच, त्या एकासाठी मी आणि धाकटा भाऊ दरवर्षी मारामारी करायचो. मग फनस्कूलचे जी. आय. जो सैनिक आले. मग कॉलेजला असताना नव्या पेठेतल्या एका दुकानात १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, विमान जोडायचं किट दिसलं आणि तिथून जे लागलं ते लागलंच.

त्या दुकानाचं काय सांगू. काचेच्या कपाटाच्या वरच्या फळीवर, बाहुल्या आणि कॅरमच्या सोंगट्यांच्या मागे किटचे डबे असायचे. काका स्टूल घेऊन वर चढायचे, डबा काढून फुंकर मारायचे आणि समोर उघडून दाखवायचे. रनर, म्हणजे सुटे भाग लागलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, मोजून घ्या म्हणायचे, डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, बघून घ्या म्हणायचे, पैसे नसले तर वहीत नाव. पगार झाला की वहीतलं नाव खोडायचं. वीस वर्षं मी एकही डबा न बघता घेतला नाही.

दिवाळीनंतर त्यांनी ते बंद केलं. आता तिथं मुलगा मोबाईलचे कव्हर विकतो. काका म्हणाले, बाहेरचा माल आणायला परवडत नाही, आयएसआयचा शिक्का पाहिजे म्हणतात, आणि तुमच्यासारखी गिऱ्हाईकं गावात सात. सात! मोजून सांगितलं त्यांनी.

मग काय, मोबाईलवर आलो. आणि इथं सगळंच वेगळं आहे हो. ग्रुपवर रात्री नऊला फोटो पडतो आणि नऊ वाजून एक मिनिटाला खाली 'बुक्ड' लिहिलेलं असतं. मी लूमवरून हात पुसून येईपर्यंत विषय संपलेला. काही लोक अजून तयारच न झालेल्या किटचे पैसे आत्ता भरतात, कॉम्प्युटरवरचं चित्र बघून, आणि माल येतो आठ-दहा महिन्यांनी. मी पण एक भरलंय, फेब्रुवारीत, अजून पत्ता नाही.

आणि मग माती खाल्ली ती सांगतो. एका ग्रुपवर डिंकी कंपनीचा जुना सेंच्युरियन रणगाडा दिसला, ६५१ नंबरचा, पत्र्याचा नव्हे ओतीव, डब्यासकट. लहानपणी एका वकिलांच्या घरी काचेआड बघितला होता, हात लावू दिला नव्हता. विकणारा म्हणाला दुसरा एक जण विचारतोय, पाच मिनिटांत सांगा. साडेसहा हजार यूपीआयने टाकले. आला तर रंग जरा जास्तच चकचकीत, डबा जरा जास्तच नवा. मी मेसेज टाकला तर मला ग्रुपमधनंच काढलं.

तर विचारायचं हे की तुम्ही लोक आता घेता कसं? ॲडव्हान्स भरणं बरोबर आहे का? आणि खरं सांगू का, बायको म्हणते ते पण मनात येतं, की आता सगळं विकून टाकावं आणि मोकळं व्हावं.

---

लोणीभापकर · रात्री ११:५८

विका. मी घेतो. जी. आय. जो पहिले.

---

पॅटनवाला_नगर · सोमवार, सकाळी ७:१५

वरच्याचं ऐकू नका, आणि जी. आय. जो तर अजिबात देऊ नका त्याला. फनस्कूलने इथं जे काढले त्यातल्या काहींचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा वेगळे होते, म्हणून तिकडचे लोक आता तेच शोधत फिरतात. कार्डसकट असतील तर आधी चौकशी करा मग बोला.

दुकान का बंद झालं ते काकांनी थोडक्यात सांगितलं पण बरोबर सांगितलं. मी अहिल्यानगरला स्टेशनरीचं दुकान चालवतो, थोडी खेळणी ठेवतो, त्यामुळे हे सगळं अंगावर घेतलंय. २०२० च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांची एकदम ६० झाली, २०२३ ला ७०. वर जीएसटी. आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्याला बीआयएसचं लायसन, म्हणजे तो आयएसआय मार्क, सक्तीचा. यात मेख अशी की लायसन मालाला मिळत नाही, कारखान्याला मिळतं. म्हणजे जपानमधल्या कारखान्याने इथं अर्ज करायचा, फी भरायची, त्यांच्याकडे तपासणी व्हायची, आणि हे सगळं कशासाठी तर सोलापुरातल्या सात जणांसाठी. कोण करणार.

आता नियम १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंसाठी आहे, आणि आपल्या किटच्या डब्यावर बऱ्याचदा १४ प्लस लिहिलेलं असतं, त्यामुळे यावर वाद घालता येतो. पण वाद घालायला दुकानदाराकडे वेळ आणि वकील दोन्ही लागतात. माल कस्टमला अडकला तर दहा डब्यांसाठी कोण गोदामभाडं भरत बसणार, तो सरळ कॅरम आणतो. मी पण तेच केलं, खोटं कशाला बोलू.

त्याच्या आधी अजून एक दार बंद झालं ते बऱ्याच जणांच्या लक्षात नाही. डिसेंबर २०१९ ला बाहेरून पोस्टाने-कुरिअरने 'गिफ्ट' म्हणून वस्तू मागवणं बंद केलं, राख्या आणि जीव वाचवणारी औषधं सोडून. तोपर्यंत आमच्या ग्रुपमधल्या निम्म्यांचे मामा-मावश्या न्यू जर्सीत राहून गिफ्ट पाठवत होत्या. एका रात्रीत सगळ्यांचे मामा गेले.

ईबेची भारतातली साईट पण २०१८ ला बंद झाली, जुन्या मालाचा तो एक बरा बाजार होता, रेटिंग बघून तरी घेता यायचं.

आणि गंमत बघा, मधली काही वर्षं एअरफिक्सच्या किटच्या डब्यावर 'मेड इन इंडिया' छापलेलं असायचं. इंग्लंडच्या कंपनीचं स्पिटफायर विमान आपल्याकडे साच्यातून निघायचं, इंग्लंडला जायचं आणि मग आपण ते तिकडून मागवायचं. यावर मी एकदा दुकानात एका गिऱ्हाइकाला अर्धा तास ऐकवलं होतं, तो पेन घ्यायला आला होता.

ही रड फक्त आपली आहे असंही नाही. एअरफिक्सचं पहिलं स्पिटफायर १९५० च्या दशकात वूलवर्थ्स नावाच्या दुकानांच्या काउंटरवर दोन शिलिंगला मिळायचं, पिशवीत, वर कागद स्टेपल केलेला, अगदी तुमच्या गड्ड्यातल्या सैनिकांसारखं. ते वूलवर्थ्सच तिकडं २००९ च्या जानेवारीत कायमचं बंद झालं. आपल्या काकांनी निदान मोबाईल कव्हर तरी ठेवली.

डिंकीबद्दल: खालून फोटो टाका. वरून टाकू नका, खालून.

---

बार्शीकर_७२ · सोमवार, दुपारी १:३०

काय करलालास बे, साडेसहा हजार पाच मिनिटात? (माफ करा, सोलापूरचं नाव बघितलं की तोंडातनं निघतं, मी दहा वर्षं जुळे सोलापुरात काढलीत.)

मी पद्धत सांगतो, आम्ही तीन वर्षं झाली करतोय. सहा जण आहोत, बार्शी, लातूर, पंढरपूर, दोन पुण्याचे, एक उस्मानाबादचा, म्हणजे धाराशिवचा. एकट्याने एक किट मागवलं तर शिपिंगच किटच्या किमतीएवढं होतं, आणि ड्युटी लागते ती किट अधिक शिपिंग अधिक इन्शुरन्स या बेरजेवर लागते, नुसत्या किटवर नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. म्हणून सहा जणांचं एक पार्सल, वर्षातून दोनदाच. पुण्यातल्या एकाच्या पत्त्यावर येतं, तिथून एसटी पार्सलने, नाहीतर कोणी हुतात्मा एक्सप्रेसने येणारा असेल तर त्याच्या मांडीवर.

भांडण कशावरून होतं सांगतो. पहिल्या वेळेला शिपिंग सहा भागात सारखं वाटलं. पंढरपूरवाल्याचं एक १/७२ चं छोटं विमान आणि लातूरवाल्याचा १/३५ चा रणगाडा ट्रान्सपोर्टर, डबा एवढा की पाहुणा जेवायला बसेल त्यावर. पंढरपूरवाला एक महिना बोलला नाही. मग ठरलं की शिपिंग वजनावर आणि ड्युटी किमतीवर. दोन वेगवेगळे हिशोब, एकच शीट, सगळ्यांना दिसणारी. तेव्हापासून फक्त क्रिकेटवरून भांडतो.

ॲडव्हान्सचं विचारलंत. कंपनीने नवीन किट जाहीर केलं म्हणजे ते येणारच असं नाही, येणार तर कधी तेही नाही. कॉम्प्युटरवरचं चित्र म्हणजे लग्नाच्या स्थळाचा फोटो, प्रत्यक्षात बघितल्याशिवाय काही खरं नाही. त्यामुळे माझा नियम असा की माल दुकानदाराच्या हातात आल्यावर पैसे. जो पूर्ण रक्कम आधी मागतो त्याला नमस्कार. थोडं बुकिंग म्हणून मागितलं, पावती दिली, रद्द केल्यावर परत देतो असं लेखी दिलं, तर विचार करायचा. फेब्रुवारीतलं तुमचं पूर्ण भरलंय की थोडं?

अजून एक, न बघता घ्यायचं म्हणजे डब्यावरच्या चित्रावर जायचं नाही. आमच्यातल्या एकाला नॅट विमान पाहिजे होतं, आपलं, पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं. नॅट म्हणून शोधलं आणि लाल रंगातलं रेड ॲरोजचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या कसरत पथकाचं, मागवलं, म्हणाला रंग बदलून तिरंगी गोल लावतो. आल्यावर बघतो तर कॉकपिटमध्ये दोन सीटा. रेड ॲरोजवाले उडवायचे ते टी.१, ट्रेनर. आपल्या हवाई दलाचं लढाऊ नॅट एका सीटचं. दुकान असतं तर काकांनी डबा उघडून दाखवला असता, तिथंच कळलं असतं. आता रंग-चिन्हं बघायच्या आधी मी इंटरनेटवर रनरचे फोटो शोधतो, प्रत्येक रनर बघतो, मगच यादीत नाव घालतो.

---

सेंच्युरियन_सोलापूर · सोमवार, रात्री १०:०५

पूर्ण भरलंय. बोलू नका.

नगरकर, खालून फोटो जोडलाय. मला तरी नॉर्मल वाटतंय.

---

पॅटनवाला_नगर · सोमवार, रात्री १०:४०

नॉर्मल नाहीये.

हे बघा, जुन्या डिंकीत खालची प्लेट बॉडीला रिव्हेटने बसवलेली असते. म्हणजे बॉडीचाच एक खुंट प्लेटच्या भोकातून बाहेर येतो आणि कारखान्यात त्याचं डोकं दाबून चपटं करतात, मशरूमसारखं, कडा गुळगुळीत. तुमच्या फोटोत पुढच्या रिव्हेटच्या मधोमध बारीक खड्डा आहे आणि भोवती किंचित पिवळसर चकचकीत काहीतरी. ते ड्रिल मारून उघडलंय आणि आतून परत अरल्डाइटने बसवलंय. उघडलं कशाला, तर रंग काढून नवीन द्यायला. अजून बघायचं असेल तर तिरप्या उजेडात धरा, मूळ रंगाखाली ओतकामाच्या बारीक रेघा दिसतात, दोनदा रंगवलं की त्या बुजतात. रबरी पट्टा नवीन आहे हे उघड आहे, पण पट्टा बदललेला चालतो, सत्तर वर्षांचं रबर कोणाचं टिकलंय.

डब्याला भिंग लावा. जुनी छपाई असेल तर रंगाचे ठिपके ओळीत, फुलासारखे जुळलेले दिसतील. घरच्या इंकजेटवर काढलेला असेल तर नुसती वाळू सांडल्यासारखी शिंतड.

रणगाडा मूळचाच असणार, डिंकीचाच. पण मूळ रंगात आणि मूळ डब्यात म्हणून जो भाव घेतला तो खोटा. पुनर्रंग केलेला म्हणून सांगून विकला असता तर मी त्याला चोर म्हटलं नसतं, तशी कामं सुंदर करणारे लोक आहेत.

---

सेंच्युरियन_सोलापूर · सोमवार, रात्री ११:२०

वाळू. भिंग लावलं. वाळूच आहे.

बायकोला अजून सांगितलेलं नाही.

---

रेझिनताई · मंगळवार, सकाळी १०:५०

दादा, वाईट वाटलं वाचून. पण विकू नका हो.

मी विजापूर रोडला राहते, इंटिरियरचं काम करते, आणि दोन वर्षांपूर्वी रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घेतला तो खरं तर क्लायंटला छोटे नमुने दाखवायला. आता निम्मा वेळ त्यावर रणगाडे निघतात. विकायची पद्धत बदलली म्हणताय ना, त्यातला हा भाग कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आता डबा विकतच नाहीत, फाईल विकतात. पैसे भरले की पाच मिनिटात एसटीएल फाईल, म्हणजे प्रिंटरला द्यायचं थ्रीडी चित्र, आपल्याकडे. ना कस्टम, ना एसटी पार्सल. आपल्याकडच्या विषयांची किटं बाजारात कमी, पण आपला विजयंता रणगाडा करायचा म्हटलं तर कोणीतरी हौशी माणूस कुठंतरी बसून मॉडेल करतो आणि फाईल टाकतो. फक्त फाईल घेताना लायसन वाचा, बहुतेक फाईली स्वतःसाठी प्रिंट करायला असतात, प्रिंट काढून विकायला वेगळं लायसन लागतं. मला ग्रुपवर रोज कोणीतरी म्हणतं, ताई मला पण एक काढून द्या पैसे देतो, आणि मी नाही म्हटलं की मी शिष्ट.

सोलापूरच्या उन्हात याची स्वतःची नाटकं आहेत. मे महिन्यात रेझिन पाण्यासारखं पातळ होतं. प्रिंट धुवायचं आयपीए, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, उघडं राहिलं की उडून जातं. प्रिंट धुतल्यावर यूव्ही लाईटखाली पक्की करायची असते, मी सरळ गच्चीवर ठेवते, आपल्या उन्हात दहा मिनिटं एक बाजू, दहा मिनिटं दुसरी, बस. एकदा फोन आला आणि दोन तास विसरले, तर पिवळा पडला आणि हातात घेतल्यावर पट्ट्याची कडी बिस्किटासारखी तुटली. आणि हे सांगायलाच पाहिजे: कच्चं रेझिन हाताला लागू द्यायचं नाही, नायट्राईलचे ग्लोव्हज घालायचे, खिडकी उघडी, आणि धुतलेलं आयपीए मोरीत ओतायचं नाही. उन्हात ठेवायचं, रेझिन खाली घट्ट बसतं, मग गाळायचं. पोरं घरात असतील तर खोली वेगळी पाहिजे.

तोफेच्या नळीचं मात्र जमत नाही. एवढी बारीक लांब नळी उन्हाळ्यात कपाटात ठेवल्या ठेवल्या मान टाकते. मी इंजेक्शनची सुई वापरते, मेडिकलमधून. विजयंताची तोफ १०५ मिमी, त्याला ७२ ने भागलं की १.४६ येतं, १७ गेजची सुई बरोबर तेवढी.

---

ईएमई_आप्पा · मंगळवार, दुपारी ४:१०

ताई, तुमचं भागाकाराचं गणित बरोबर पण रणगाडा चुकला. १०५ हे नळीच्या आतलं माप. गोळा जातो तिथलं. बाहेरून नळी चांगलीच जाड असते आणि मागून पुढं निमुळती होत जाते, आणि मध्ये धूर ओढून घ्यायचा फुगवटा असतो तो वेगळा. तुमची सुई लावली तर विजयंताच्या तोंडात उदबत्ती दिल्यासारखं दिसेल. जाड सुई घ्या, त्यात बारीक सुई बसवा, जोडावर कागदाची पट्टी फेव्हिकॉल लावून गुंडाळा, फुगवटा होतो.

मी २४ वर्षं ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात होतो, हवालदार म्हणून निवृत्त, आता अक्कलकोट रोडला असतो. विजयंतावर आणि टी-५५ वर हात काळे केलेत. ही मॉडेलं करायला नातवामुळे लागलो, मोबाईल बघून टाईप करतो चुका माफ असाव्यात.

तुमची सगळ्यांची चर्चा वाचली. कुठून घ्यायचं कसं घ्यायचं. मी एक विचारतो सेंच्युरियनवाल्यांना. तुमच्याकडं न जोडलेली किटं किती आहेत? खरं सांगा.

---

सेंच्युरियन_सोलापूर · मंगळवार, रात्री ९:३०

आप्पा, नमस्कार. मोजली नव्हती कधी. आत्ता पलंगाखालून आणि माळ्यावरून काढून मोजली. ३८.

---

लोणीभापकर · मंगळवार, रात्री ९:३३

😂😂 आणि म्हणे घ्यायचं कुठून

---

ईएमई_आप्पा · बुधवार, सकाळी ६:२०

मग दुकान तुमच्या पलंगाखालीच आहे की. आधी ती उघडा. न जोडलेला डबा ठेवल्या ठेवल्या पण खराब होतो, हे कोणी सांगत नाही. जुन्या १/३५ च्या किटात ते मऊ काळे पट्टे असतात ना, ते प्लास्टिकच्या चाकाला टेकलेले राहिले की काही वर्षांनी चाक खातात, चिकट होऊन आत रुततात. पट्टे काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. आजच.

डिकल पिवळे पडले असतील. टाकून देऊ नका. झिप पिशवीत घालायचे, हवा काढायची आणि खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचे, छापलेली बाजू उन्हाकडे. पिवळेपणा ऊन खाऊन टाकतं. पुस्तकात तीन-चार आठवडे लिहितात, आमच्याकडे एप्रिलमध्ये नऊ दिवसात पांढरे झाले. आपल्याकडे पाणी नाही, पाऊस नाही, पण ऊन आहे, त्याचा काहीतरी उपयोग. जुने डिकल पाण्यात टाकल्यावर तुकडे होतात, म्हणून आधी वरून ग्लॉस क्लियरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक रंगाचा, एक हात मारून वाळवायचा आणि मग प्रत्येक चिन्ह वेगळं कापून घ्यायचं.

बाकी सामानासाठी बाहेर कशाला बघता. किट चिकटवायचं परदेशी सिमेंट विमानाने येत नाही, पेट घेतं म्हणून. नेमप्लेटची ॲक्रेलिक अक्षरं चिकटवणाऱ्याकडं एक पातळ केमिकल असतं, ब्रशने सांध्याला टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं, किटचं प्लास्टिक पण त्याने वितळून एकजीव होतं. वास घेऊ नका, दारं उघडी ठेवा. गोळीची भोकं पेटत्या उदबत्तीने पाडा. ताडपत्री टिश्यू पेपर आणि पातळ फेव्हिकॉलची. कॅमोफ्लाजची जाळी मेडिकलमधल्या बँडेजची, चहाच्या पाण्यात बुडवून. आणि टोइंगचा दोर तर तुमच्याच लूमवर आहे, सूत तीनपदरी पिळायचं, फेव्हिकॉलमधून ओढून दोन्ही टोकांना वजन बांधून वाळवायचं म्हणजे बारीक तंतू बसतात, नाहीतर रणगाड्याला केस आल्यासारखं दिसतं.

तुमचा तो डिंकी पण विकू नका. मला दाखवा. खोटा रंग काढून बरोबर रंग देऊ. नाहीतरी मूळ म्हणून त्याचं काही उरलेलं नाही, मग भ्यायचं कशाला.

---

बार्शीकर_७२ · बुधवार, सकाळी ११:४५

आप्पा 🙏 पट्ट्यांचं वाचून उठलो आणि माझे डबे उघडले. एका पॅटन रणगाड्याची चार चाकं गेलीत. चिकटून अशी बसलीत की पट्टा काढताना चाकाची कडच आली हातात.

सेंच्युरियन, आमच्यातला एक जण नोकरीसाठी बंगळुरूला गेलाय, म्हणजे आम्ही पाचच उरलोय. पुढची ऑर्डर ऑगस्टमध्ये. या. पण अट एक, ३८ पैकी निदान तीन जोडून फोटो टाकल्याशिवाय यादीत नाव नाही, हे मी आत्ता ठरवलं.

---

पॅटनवाला_नगर · बुधवार, दुपारी २:००

अट मान्य करा. आणि एकदा नगरला या सगळे, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाऊ. १९९४ पासून आहे, पण आमच्याच गावातले निम्मे लोक गेले नाहीत. पॅटन तिथं हात लावण्याच्या अंतरावर उभा आहे. ओतकामाचा खरखरीतपणा, वेल्डिंगची माळ, हे डब्यावरच्या चित्रात कधी कळत नाही. मी पहिल्यांदा गेलो आणि घरी येऊन माझा पूर्ण झालेला पॅटन परत खरवडला. टूथब्रशने पातळ पुट्टी थोपटली, तेव्हा कुठं लोखंड वाटायला लागला.

आप्पा आले तर गाईड लागणार नाही.

---

रेझिनताई · बुधवार, दुपारी ३:१५

आप्पा, बाहेरचं माप चुकलं, कबूल. जाड सुई आणली, आत बारीक बसवली, फुगवट्याला तुमची कागदाची पट्टी. फोटो टाकते संध्याकाळी. मेडिकलवाला विचारत होता घरी कोण आजारी आहे.

दादा, मंगळवार बाजारात जाता का कधी? भंगारवाल्यांच्या रांगेत शेवटी एक आजोबा बसतात त्यांच्याकडे जुनी खेळणी येतात, घर रिकामं करताना लोक देतात ती. मागच्या महिन्यात चाक नसलेली तोफ होती एक शिश्याची, वजनाला जड. मी घेतली नाही कारण शिसं, पोरं येतात घरी. तुम्ही बघा. तिथं तरी हातात घेऊन, उलटी करून, खालून बघून घेता येतं.

---

सेंच्युरियन_सोलापूर · शुक्रवार, रात्री १०:५०

उशीर झाला, दोन दिवस लूमवर वॉर्पचं, म्हणजे ताण्याचं, काम अडकलं होतं.

बायकोला सांगितलं. साडेसहा ऐकून गप्प बसली, ३८ ऐकून जास्त बोलली.

सगळे डबे उघडले. सात किटांचे पट्टे वेगळे काढले. दोन किटांची चाकं गेलीत, ताईंना विचारायचं होतं की नुसती चाकं प्रिंट होतील का, स्वतःसाठीच. नव्या पेठेतून घेतलेल्या एका मिगच्या डब्यात काकांची चिठ्ठी सापडली, पेन्सिलने लिहिलेली, '४० बाकी'. चाळीस रुपये. दिले होते की नाही आठवत नाही, उद्या जाऊन देतो, त्या निमित्ताने मोबाईलचं कव्हर पण घेतो.

डिकल पिशवीत घालून दक्षिणेच्या खिडकीला लावले होते. आईने दुपारी काच पुसताना कचरा म्हणून काढले. डब्यातून शोधून परत लावलेत, खाली कागद चिकटवलाय, 'हात लावू नये, वाळत आहे'.

आप्पा, रविवारी सकाळी डिंकी घेऊन येतो. अक्कलकोट रोडला नेमकं कुठं ते मेसेज करा.